माझ्या कप्प्यातली गुलाबी बाटली

मी श्रीमंत सरांची लाल स्पोर्ट्स कार बोलतेय. श्रीमंत हे त्यांचं नाव. दोन दारं, दोघांपुरती जागा अन् जमिनीला टेकलेलं पोट. लातुरात क्लासेसच्या रस्त्यावर दर गतिरोधकाला ते खरचटतं, अन् पोरं वह्या मिटून बघतात. माझं ऐका, पण तपासून घ्या. माझाही कुणावर विश्वास नाही. सरांच्या संगतीत राहून दुसरं काय होणार?

सर फिजिक्स शिकवतात. हैदराबादेत मला घेताना तीन मेस्त्री सोबत नेले होते, अन् संशय तिघांवरही घेतला. त्यालाही कारण आहे म्हणा. सर सातवीत असताना भूकंपात घर पडलं. ढिगाऱ्यातून निघालेली भांडी पत्र्याच्या शेडमध्ये एकमेकांत मिसळली, अन् आईची घागर दुसऱ्याच्याच दारात दिसली. तेव्हापासून सर वस्तूंना खूण करतात. छत्रीला, खुर्चीला, चार्जरला सुद्धा.

मला सर्व्हिसिंगला धाडायच्या आधी त्यांनी बायकोची, शिवकांताबाईंची, नेलपॉलिश आणली अन् माझ्या एकेका पार्टवर गुलाबी ठिपका दिला. मेस्त्री पार्ट बदलतात म्हणे! दिसणारे ठिपके कुणी पुसले तर? म्हणून एक लपवून दिला. बॅटरीची काळी वायर जिथं माझ्या अंगाला बोल्टनं आवळलेली असते, तिथं बोल्ट सोडून वायरीखाली, चांगला जाडसर. बाटली माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकली अन् विसरून गेले.

घरात शिवकांताबाईंना बाटली सापडेना. आळ आला भामाबाईवर. नऊ वर्षं त्या घरची धुणीभांडी तिनं केली, मी आल्यापासून रोज सकाळी मलाही पुसायची.

"पोरीच्या लग्नाला नेली असशील," शिवकांताबाई म्हणाल्या.

"म्या न्हाई घेतली, बाई."

एवढंच बोलली. मला पुसायचं फडकं पिळून माझ्या पार्किंगच्या शेडमधल्या खिळ्याला अडकवलं अन् गेली. चोर ठरून गेली हो! बाटली माझ्या कप्प्यात, अन् मला तोंड नाही. कुणीतरी कप्पा उघडा, एवढंच मनात घोकत राहिले.

सर्व्हिसिंग होऊन आले, थोडे दिवस निभलं, मग मी सुरू होईना. चावी फिरवली की नुसती टकटक. सरांनी मला ओढत, सर्व्हिसिंग केलेल्या जिलानी मेस्त्रींकडे नेलं. शिवकांताबाईही सोबत होत्या.

"बॅटरी बदलली तुम्ही," सर चार माणसांत म्हणाले.

जिलानींनी खुर्ची पुढं केली. "बसा सर. बघत राहा."

मीटर लावलं, बॅटरी ठीक. बॅटरीच्या दोन्ही टोकांवरून सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, थेट वायरी दिल्या, सेल्फ फिरला. "करंट जायला तयार हाय, परत यायची वाट बंद हाय," जिलानी पुटपुटले अन् काळ्या वायरीचा बोल्ट सोडला. खाली गुलाबी थर.

ते हसले नाहीत. "सर, ह्यो रंग कुणी लावला? ह्याच्यातून करंट जात न्हाई. इतके दिवस नुसत्या बोल्टाच्या आट्यांवर निभलं."

त्याच सकाळी पोरांना विद्युतरोधक शिकवून आलेले सर त्या रंगाकडं बघत राहिले.

"ही तर माझी नेलपॉलिश," शिवकांताबाई वाकून म्हणाल्या. "बाटली कुठाय?"

सरांनी कप्पा उघडला.

जिलानींनी पॉलिश पेपरनं रंग घासून काढला, बोल्ट आवळला अन् मी पहिल्या चावीला सुरू झाले. तिथून आम्ही थेट भामाबाईच्या दारात. शिवकांताबाईंनी बाटली दाखवली, हात जोडले. "चूक आमची. उद्यापासून या."

"कळलं, बरं झालं," भामाबाई म्हणाली. "पर आता रोज घरी जाताना पदर झटकून दावावा लागल मला. न्हाई यायची, बाई."

जाता जाता सवयीनं तिनं माझ्या काचेवरची धूळ पदरानं पुसली अन् आत गेली. मला फार वाईट वाटलं.

आता सरच मला पुसतात, काचेवर ओघळ राहतात. तुमची गाडी बंद पडली तर मेस्त्रीवर ओरडायच्या आधी काळी वायर बघा. घरात काही हरवलं तर आधी आपले कप्पे उघडा, पाया पडते. भामाबाईचं फडकं अजून खिळ्यालाच आहे. सरांनी त्याला हात लावलेला नाही, अन् खूणही केलेली नाही.