लाल खूण जयूची, पांढरी विमानाची

मित्रांनो, घाटकोपर पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी एक इमारत आहे. तिथल्या एका खोलीत, शोकेसच्या सगळ्यात वरच्या फळीवर, क्रोशाच्या रुमालाखाली जो गपचूप बसलेला दिसतो, तो मी. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. ‘जुना’ हा शब्द मी स्वतःसाठी वापरला तर चालतो, दुसऱ्याने वापरला की मला राग येतो. माझं प्लास्टिक पिवळं पडलंय, आतला पट्टा सैल झालाय, आणि परवा तर कोणीतरी माझ्या डोक्यावर फुलदाणी ठेवली. पण एके काळी या घरात माझ्यावाचून पान हलत नव्हतं.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला, आणि तोही एकट्याचा नाही. मस्कतच्या दुकानात आम्ही दोघे शेजारी शेजारी मांडलेले होतो, अगदी जुळे. नंदकिशोर नावाच्या माणसाने आम्हा दोघांना एकदमच उचललं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि नवी बायको जयंती आईच्या आठवणीने सारखी डोळे पुसत होती. भावाला त्याने मस्कतला स्वतःच्या घरी ठेवलं आणि मला जयंतीच्या माहेरी पाठवलं. जयंती तिकडे माझ्या भावासमोर बसून बोलायची. ती कॅसेट सुट्टीवर येणाऱ्या कोणाच्या तरी हाती इकडे यायची आणि माझ्या तोंडून वाजायची. भाऊ ऐकणारा, मी बोलणारा. एकाच साच्यातले असल्यामुळे आमच्यात तिळाचाही फरक नव्हता. तिकडे जयूला शिंक आली तर इकडे मी ती जशीच्या तशी द्यायचो.

जयूची आई म्हणजे रुक्मिणीबाई. मूळच्या मालवणकडच्या, यजमान गिरणीत होते, ते वारल्यापासून घरात त्या आणि मुलगा विद्याधर. दुपारी भांडी आटोपली की हात पदराला पुसून त्या माझ्यासमोर बसत. शेजारणीही येत. ‘काय स्वच्छ आवाज आहे हो, जणू दाराआड उभी राहून बोलतेय,’ असं कोणी म्हटलं की माझी छाती फुगायची.

आमच्या सुखात एकच विघ्न होतं. इमारतीच्या अगदी डोक्यावरून विमानं उतरायला जात. घरघर सुरू झाली की रुक्मिणीबाई पटकन माझं बटण दाबून जयूला थांबवत आणि छताकडे रागाने बघत. “पोरीक घेऊन गेला ता गेला, आता तिचा बोलणा पण ऐकूक देणा नाय,” असं पुटपुटत. एरवी त्या आपल्या मुंबईचं मराठी बोलत, पण रागावल्या की मालवणी बाहेर यायची.

आणि मग जयूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचा रक्तदाब वर गेला आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली. तेव्हा आईनेच मस्कतला जावं असं ठरलं. नंदकिशोर तिकीट पाठवायला एका पायावर तयार होता. नुसता होकार हवा होता, आणि नेमका तोच मिळेना.

“मी त्या इमानात पाय ठेवूचंय नाय,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “वर गेलेलं खाली कसं येतं ते मला कोण सांगणार?”

विद्याधरने समजावलं, चिडला, रुसला. शेवटी त्याने हात टेकले. पण घरात एक नवीन पाहुणा आला होता. मागच्या सुट्टीत नंदकिशोरने मेहुण्यासाठी एक घरगुती कॉम्प्युटर आणला होता. पाटीएवढा, काळा, रबरी बटणांचा. तो टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून त्याला प्रोग्रॅम भरवायचा. सोबत एक कॅसेट होती, तिच्यात विमान चालवायचा प्रोग्रॅम. नंदकिशोरने ती कोणा मित्राकडून उतरवून आणली होती. विद्याधर कारखान्यात नकाशे काढायच्या कामाला होता, त्याला असल्या गोष्टींचं वेड. तो म्हणाला, आईला विमान आतून दाखवतो. कसं चढतं, कसं उतरतं, एकदा डोळ्यांनी बघितलं की भीती जाईल.

कॅसेट वाजवायला घरात होतं कोण? मीच.

मित्रांनो, जयूच्या गोड आवाजाची सवय असलेल्या माझ्या तोंडून त्या दिवशी जे बाहेर पडलं, त्याची मला आजही लाज वाटते. किर्रर्र, चर्रर्र, कानठळ्या बसवणारं. रुक्मिणीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. “मांजर चिरडलंस की काय रे?”

“आई, हा प्रोग्रॅम आहे. कॉम्प्युटरला असंच कळतं.”

“मग त्याच्याच कानात सांग. मला कशाला ऐकवतोस.”

विद्याधरने माझ्यातून वायर ओढून कॉम्प्युटरला जोडली, टीव्हीची चकती फिरवून चित्र जमवलं, आणि आम्ही कामाला लागलो. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या धावायला लागल्या, बराच वेळ धावल्या आणि थांबल्या. टेप नीट वाचता आली नाही, असं कॉम्प्युटरने सांगितलं. आवाज वाढवला, तेच. कमी केला, तेच. कापसाने माझं हेड पुसलं, तरी तेच. हेड म्हणजे टेपवरचं वाचणारा माझा लहानसा चकचकीत भाग. एकदा गाडी अगदी शेवटापर्यंत आली होती, तेवढ्यात रुक्मिणीबाईंनी माशाच्या तिखल्याच्या वाटपासाठी मिक्सर लावला. वीज दबली, टीव्ही मिचमिचला आणि कॉम्प्युटर सगळं विसरून कोरा झाला.

विद्याधरच्या नाकी नऊ आले तेव्हा शेजारची क्षमा आली. ती पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती आणि बोलायला एकदम फटकळ. तिने वायर काढली, मला तसंच वाजवलं, कान लावून ऐकलं.

“अरे, कॅसेट दुसऱ्याच मशीनवर भरलीय. त्या मशीनचं हेड थोडं तिरकं असणार. याचं सरळ आहे, म्हणून जुळत नाही. स्क्रू फिरवावा लागेल.”

“बिघडणार नाही ना?”

“बिघडला तर बघू. काकू, मिक्सर नका हं लावू.”

माझ्या बटणाजवळ एक बारीक भोक आहे. त्यातून तिने स्क्रू ड्रायव्हर घातला आणि हळूहळू पिळलं. किरकिर आधी बोथट होती, ती धारदार होत गेली. मला मात्र कोणीतरी मान धरून मुरगळतंय असं वाटत होतं. मी आयुष्यभर ताठ मानेने जगलेला, आणि माझ्यावर ही वेळ.

पण प्रोग्रॅम आला. झकास आला. पडद्याच्या खालच्या भागात घड्याळासारखे काटे, वर क्षितिजाची एक आडवी रेघ आणि तिच्या अलीकडे धावपट्टीच्या दोन रेघा. विद्याधरने आईला खुर्ची दिली. विमान धावलं, उठलं, रेघ खाली गेली. रुक्मिणीबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग विद्याधर उतरवायला गेला. रेघ तिरपी झाली, काटे गरगर फिरले आणि पडदा पांढरा झाला. पडलं.

“पहिलाच प्रयत्न आहे, आई. थांब.”

दुसऱ्यांदा पडलं. तिसऱ्यांदाही वाट लागली. रुक्मिणीबाई शांतपणे उठल्या.

“बघितलं. पुरे,” म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या.

विद्याधर तोंड पाडून बसला. मलाही वाईट वाटलं, मान वाकडी करून मिळवलं काय, तर हे. त्याच आठवड्यात मस्कतहून नवीन कॅसेट आली. रुक्मिणीबाईंनी हात पुसले, मला पुसलं आणि बटण दाबलं.

मित्रांनो, मी तोंड उघडलं आणि माझं मलाच कळेना. जयूचा आवाज गोधडीखालून यावा तसा येत होता. शब्द कळत होते, पण सगळी धार गेलेली. बसका, जड, थकलेला आवाज. स्क्रू विमानाच्या कॅसेटसाठी फिरवलेला होता आणि परत सरळ करायचं कोणालाच सुचलं नव्हतं. जयू ठणठणीत होती, वाकडा होतो तो मी. पण सांगणार कसं? माझ्याजवळ दुसऱ्यांचाच आवाज असतो, स्वतःचा नाही.

रुक्मिणीबाईंचा चेहरा उतरला. “विद्या, ही अशी का बोलते रे? अंथरुणात आहे माझी पोर. काय झालंय ते सांगत नाहीयेत आपल्याला.” अर्धी कॅसेटही झाली नव्हती. त्यांना पुढचं ऐकवेना, त्यांनी मला बंद केलं आणि डोळ्याला पदर लावला. “नंदकिशोरला कळव. तिकीट पाठव म्हणावं. मी जाते. पडलं विमान तर पडलं.”

जो होकार इतके दिवस मिळत नव्हता, तो मिळाला. विद्याधर उठला, जिन्यात गेला, क्षमाला बोलावून सगळं सांगितलं. दार उघडं होतं, म्हणून मीही ऐकलं.

“स्क्रूमुळे झालंय ते,” क्षमा म्हणाली.

“माहितीय. बोलू नकोस. ती जातेय ना, जाऊ दे.”

“म्हणजे आता रोज रडणार, विमानात रडत बसणार, आणि तू गप्प राहणार?”

“सांगितलं आणि मग नाही म्हणाली तर? तिकडे जयू एकटी आहे गं.”

“तर नाही म्हणाली. पण तुझी आई आहे ती यार, तिला असं फसवून पाठवणार?”

माझा जीव टांगणीला लागला होता. मग विद्याधर आत आला, आईसमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, “आई, जयूला काही झालेलं नाही. आपला टेप वाकडा आहे. माझ्या विमानापायी मीच तो वाकडा करायला लावला.”

क्षमाने स्क्रू उलटा फिरवला. कॅसेट वाजत होती आणि गोधडी बाजूला व्हावी तशी जयू हळूहळू मोकळी होत गेली. माझी मान जागेवर आली. पुन्हा पहिल्यापासून लावलं. जयू हसत होती, नवऱ्याने जाळलेल्या भाकरीची गंमत सांगत होती. रुक्मिणीबाईंचे खांदे सैल पडले. आता त्या जात नाहीत, असं विद्याधरच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. शेवटी जयू म्हणाली, “आणि आई, तुला भीती वाटत असेल तर नको येऊस हं. इथे शेजारच्या बायका चांगल्या आहेत. मी करीन सगळं.”

बोलणं संपलं. विद्याधरने बटणाकडे हात नेला. रुक्मिणीबाईंनी तो धरला. नुसती टेप फिरत होती. आणि मग, अगदी बारीक, एक आवाज आला. माझ्या भावाने तिकडे तो टिपला होता आणि मी इकडे तो होता तसा दिला.

रुक्मिणीबाईंनी टेप मागे घेऊन तेवढंच परत ऐकलं. “ऐकलंस?”

“काय?”

“नाक ओढलं तिने. लहानपणी पण अशीच. पडली की लागलं नाही म्हणायची, तोंड फिरवायची आणि हळूच नाक ओढायची.” त्या उठल्या, केस बांधले. “तिकीट कळव. आणि ते तुझं विमान परत लाव. ते उतरलेलं बघितल्याशिवाय मी इथून हलायची नाही.”

मग काय विचारता. क्षमाने स्क्रूच्या दोन्ही जागांवर खुणा केल्या. नेलपॉलिशची लाल खूण जयूची, खडूची पांढरी विमानाची. सकाळी माझी मान इकडे, संध्याकाळी तिकडे. मी एकदाही कुरकुर केली नाही. रुक्मिणीबाई मिक्सर बंद ठेवून विद्याधरच्या शेजारी बसायच्या. वेग कमी करायचं बटण त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं, कारण त्यांच्या मते सगळा दोष विद्याधरच्या घाईचा होता. “हळू, झिला, हळू,” असं लेकाला म्हणत त्या ते बटण दाबायच्या. कितीतरी विमानं पडली. आणि एका रविवारी, स्वयंपाकघरात पापलेट मुरत असताना, दोन रेघा हळूहळू रुंद होत गेल्या, काटे शांत झाले आणि पडदा पांढरा झालाच नाही.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं, आई. उतरलं.”

“एवढंच होय.” आणि त्या पापलेट तळायला गेल्या. त्याच वेळी डोक्यावरून खरं विमान घरघरत गेलं. त्यांनी छताकडे बघितलं, पण रागाने नाही.

त्या मस्कतला गेल्या. पुढच्या कॅसेटवर माझ्या भावाने त्यांचाच आवाज पाठवला. “विद्या, टेप लाल खुणेवर आहे ना? बघ आधी. आता ऐक. तुझ्यापेक्षा त्या विमानवाल्याने बरं उतरवलं रे. आणि ही बघ, तुझी भाची.” त्यानंतर एक असा टाहो आला की शोकेसच्या काचा थरथरल्या. मी तो कणभरही बोथट होऊ दिला नाही.

आता घरात दोन स्पीकरचा मोठा टेप आलाय, कॉम्प्युटर माळ्यावर गेलाय, आणि मी क्रोशाखाली विसावलोय. माझी तक्रार नाही. मला एवढंच सांगायचंय, मित्रांनो. आमची हेडं कधीमधी कापसाने पुसत जा, आमच्यावर फुलदाण्या ठेवू नका. कोणाचा आवाज बसका वाटला तर आधी आपला स्क्रू तपासा. आणि आपल्या माणसाचं बोलणं संपलं म्हणून लगेच बटण दाबू नका. टेप थोडी फिरू द्या.