बंद पडलेल्या कंपनीची बैठक

विभा देवस्थळीला पुण्याच्या कंपनीनं जपानला पाठवलं, तेव्हा सगळे नातेवाईक धरूनच चालले होते की बाई आता एखाद्या बँकेची नाहीतर विमानतळाची सिस्टीम लिहिणार. खुद्द विभाचाही तोच समज होता. कावासाकीच्या ऑफिसात पोचल्यावर कळलं, की मोबाइल फोनवरचा गेम लिहायचाय आणि त्यात एक दूधवाला पहाटे दारोदार बाटल्या ठेवत हिंडतो. सासूबाईंना तिनं फोनवर सांगून टाकलं, "डेअरीचा प्रोजेक्ट आहे." त्यांना ते पटलं.

साल २००५. गाडीत बसलेला निम्मा जपान तेव्हा घडीच्या फोनमध्ये डोकं घालून काहीतरी खेळत असायचा. विभा ज्या छोट्या कंपनीत बसायची, तिला एवढ्या लोकांना पुरतील इतके गेम आणायचे कुठून, ही चिंता. म्हणून कंपनीनं 'टर्निप लेन' नावाच्या एका बुडालेल्या इंग्रज कंपनीचे जुने गेम एकगठ्ठा विकत घेतले. त्यातला पहिला विभाच्या वाट्याला आला. 'मिस्टर पॉट्सची सकाळ'.

टर्निप लेन काढली होती क्लाइव आणि ग्रॅहम नावाच्या दोन शाळासोबत्यांनी, १९८३ साली, उत्तर इंग्लंडातल्या एका गावात, मासळीच्या दुकानावरच्या खोलीत. क्लाइव कोड लिहायचा, ग्रॅहम चित्रं काढायचा. गेम तेव्हा कॅसेटवर विकले जात, आणि टर्निप लेनच्या कॅसेटला बांगड्याचा वास यायचा. गिऱ्हाइकं तक्रार करायची. पण पुढे बाजारात चोरट्या कॉपी आल्या, तेव्हा हीच गिऱ्हाइकं कॅसेट नाकाला लावून अस्सल माल ओळखायला लागली. मिस्टर पॉट्स असा काही खपला, की दोघांनी मोठं ऑफिस घेतलं, माणसं ठेवली, दाराशी काचेच्या टाकीत जिवंत मासे सोडले. मग नव्वदच्या दशकात नवी यंत्रं आली, सपाट चित्रांचे दिवस सरले, आणि मिस्टर पॉट्सचा दुसरा भाग बनता बनता कंपनीच बसली. १९९७ साली कुलूप लागलं. तेव्हापासून क्लाइव आणि ग्रॅहम एकमेकांशी अक्षरही बोलले नव्हते. गेमचे हक्क विकतानासुद्धा दोघांनी वेगवेगळे वकील पाठवले होते.

एरवी हे सगळं विभाच्या कानावर यायचं काही कारण नव्हतं. ते आलं ओकुबो-सानमुळे.

ओकुबो-सान टेस्टिंगला होत्या. जुना गेम एका जुनाट कॉम्प्युटरवर आणि विभाचा नवा गेम फोनवर, असे दोन्ही शेजारी ठेवून त्या खेळायच्या आणि राईएवढा फरक सापडला तरी आनंदानं कळवायच्या. एका सोमवारी त्यांचा मेल आला. 'मूळ गेममध्ये तिसरी बाटली फुटली की दूधवाला भिंतीवर बसतो आणि चहा पितो. बराच वेळ पितो. बटणं दाबली तरी उठत नाही. आपल्या गेममधला दूधवाला चहा पीत नाही. कृपया खुलासा व्हावा.'

विभानं जाऊन पाहिलं. खरंच. तिसरी बाटली फुटली आणि मिस्टर पॉट्सनं टोपी काढली, भिंतीवर बूड टेकलं, कपात दूध ओतलं, आणि भुंकणारी कुत्री, रिकामी दारं, वाट बघणाऱ्या बायका यांच्याकडे ढुंकूनही न बघता तो चहा पीत बसला. विभा इतकी मोठ्यानं हसली की पलीकडच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. हा माणूस तिला फार म्हणजे फारच आवडला.

साहेब कुरिहारा-सान मात्र हसले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हे बग आहे की शियो?"

शियो म्हणजे मुद्दाम ठरवून केलेली गोष्ट. शियो असेल तर नव्या गेममध्ये चहा घालायचा. बग असेल, म्हणजे बनवणाऱ्यांची चूक असेल, तर नाही घालायचा. जपानी ऑफिसात या दोहोंच्या मध्ये उभं राहायला जागा नसते.

"बनवणाऱ्यांनाच विचारा," कुरिहारा-सान म्हणाले. "दोघांनाही. एकत्र. करारात तसं आहे. दोघांचं एकमत झालं तर ठेवू."

विभानं आधी क्लाइवला फोन लावला. तो आता कालव्यातल्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा.

"चहा?" क्लाइव ओरडला. मागे कुठलंतरी इंजिन धडधडत होतं. "तो ग्रॅहमचा उद्योग! माझा कोड पाण्यासारखा वाहत होता. त्यानं चहाचं चित्र एवढं अवाढव्य काढलं, की ते आणता आणता मशीनला दम लागायचा. आणि कंपनी का बुडाली, विचारा ना! दुसऱ्या भागात त्यानं एक गाय काढली. गाय रस्त्यावर आली की अख्खा गेम थांबायचा. वर्ष गेलं त्या गायीपायी! तो लाइनवर येणार असेल तर मी येणार नाही."

ग्रॅहम आता पबच्या दारावरच्या पाट्या रंगवायचा. त्याचा आवाज मऊ होता, बोलणं नव्हतं.

"बाईसाहेब, गेम आधीच थांबत होता. तिसरी बाटली फुटली की क्लाइवच्या कोडची दातखीळ बसायची. लोकांना वाटायचं मशीन बिघडलं. म्हणून मी चहा काढला, झाकायला. आणि कंपनी म्हणाल, तर ती त्यानंच बुडवली. चांगला चालणारा कोड दोनदा फेकून दिला. का? तर म्हणे, सुबक नाही! त्याच्याशी बोलायचं असेल तर मला वगळा."

आधी थांबणं की आधी चहा, हे कोडं काही सुटेना. आणि ते सोडवू शकणारी दोन माणसं एका लाइनवर यायला तयार नाहीत. गेम पुढच्या आठवड्यात फोन कंपनीकडे तपासणीला जायचा होता. विभानं दोघांना गोड मेल पाठवून पाहिले. दोघांची उत्तरं तंतोतंत सारखी आली. 'त्याला विचारा.'

इचिकावा या उपनगरातल्या घरी रात्रीच्या जेवणाला तिनं नवऱ्याला, अनुरागला, ही कहाणी सांगितली. अनुराग टोकियोत एका मुंबईच्या बँकेत होता, सरळमार्गी माणूस.

"मग चहा काढून टाक," तो म्हणाला. "तुला काय फरक पडतो?"

"अरे, पण तो किती छान बसतो भिंतीवर! सगळं दूध सांडलंय, कामाचा पार बोजवारा उडालाय, आणि हा आधी चहा घेतो. या देशात असा माणूस एक तरी हवा की नको?"

"मग त्या दोघांना कशानं तरी चिडव. भांडणारी माणसं तिसऱ्यावर चिडली की एक होतात. आमच्या ब्रँचमध्ये रोज बघतो."

अनुराग हे बोलून आमटीकडे वळला. विभाचा घास मात्र हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं क्लाइव आणि ग्रॅहम दोघांना एकच मेल पाठवला. 'जपानी ग्राहकांची आवड लक्षात घेऊन मिस्टर पॉट्सच्या कपात ग्रीन टी दाखवण्याचा विचार चालू आहे. त्यात दूध नसेल. हरकत असल्यास गुरुवारी सकाळी नऊ वाजता, तुमच्या वेळेनुसार, फोनवर हजर राहावं.'

"अगं, हे चक्क खोटं आहे!" अनुराग संध्याकाळी म्हणाला.

"खोटं कसं? विचार चालू आहे असं लिहिलंय. चालूच आहे. माझ्या डोक्यात."

गुरुवारी, कावासाकीत संध्याकाळ व्हायला आली तेव्हा, मीटिंग रूममध्ये टेबलावरच्या स्पीकरफोनभोवती तिघं बसली. कुरिहारा-सान, ओकुबो-सान आणि दुभाषी म्हणून विभा. कुरिहारा-सानांचं इंग्रजी जेमतेम, असं सगळेच समजत. ग्रीन टीबद्दल त्यांना काडीचीही कल्पना नव्हती.

आधी क्लाइव आला. पाठोपाठ ग्रॅहम. दोघांनी एकमेकांना हॅलो म्हटलं नाही. क्लाइवनं थेट तोंड उघडलं.

"दूधवाला! दूधवाला माणूस बिनदुधाचा ग्रीन टी पिणार? गाडीवर शंभर बाटल्या आहेत त्याच्या!"

"आणि कपाचा रंग बघा," ग्रॅहम म्हणाला. "तो तपकिरी मी आठ रंगांत बसवलाय. हिरवा दिसला तर लोकांना वाटेल त्याला विष घातलंय."

"ग्रॅहमचं बरोबर आहे," क्लाइव म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन गप्प झाला.

विभानं मान खाली घालून भाषांतर केलं. "चहाबद्दल त्यांच्या भावना फार तीव्र आहेत."

कुरिहारा-सान उठून उभे राहिले आणि स्पीकरफोनला कमरेत वाकून नमस्कार केला. आपल्या हातून ज्येष्ठांचं मन दुखावलं असल्यास आपण अंतःकरणापासून क्षमा मागतो, असं ते म्हणाले. कशाबद्दल, ते त्यांनी विचारलं नाही. पलीकडे क्लाइव आणखी तापला, ग्रॅहमनं त्याला दुजोरा दिला, आणि कुरिहारा-सान पुन्हा वाकले. विभाला आता आपल्या कानांचा रंग जाणवायला लागला होता.

शेवटी पलीकडचा वाफारा निवला. मग कुरिहारा-सानांनी, वेबसाइटवर कंपनीचा थोडा इतिहास द्यायचा आहे म्हणून, अतिशय आदरानं विचारलं, "टर्निप लेन बंद का झाली?"

विभानं भाषांतर केलं आणि डोळे मिटले. आता गाय निघणार, सुबक कोड निघणार, सगळं मुसळ केरात जाणार.



"माझ्यामुळे," क्लाइव म्हणाला. "चालता कोड मी फेकला. दोनदा. कोणाचं ऐकलं नाही."

"काहीतरीच काय!" ग्रॅहम म्हणाला. "गायीनं बुडाली कंपनी. आणि गाय माझी."

"गाय चांगली होती रे."

"चांगली होती, पण हलत नव्हती!"

"ती माझ्या कोडमुळे हलत नव्हती, गाढवा! मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं."

"क्लाइव, परक्या लोकांसमोर माझी चूक तू आपल्या नावावर घेऊ नकोस. मी खपवून घेणार नाही."

आणि कंपनी आपणच बुडवली हे सिद्ध करण्यासाठी दोघं हमरीतुमरीवर आले. ओकुबो-सान भराभर लिहून घेत होत्या. विभानं भाषांतर सोडूनच दिलं, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

"आणि चहा?" कुरिहारा-सानांनी मध्येच विचारलं. "बग की शियो?"

"बग," क्लाइव म्हणाला. "माझा."

"बगच," ग्रॅहम म्हणाला. "पण माझा."

एकमत झालं होतं! नेमकं नको ते. ओकुबो-साननी समाधानानं पेन खाली ठेवलं. विभाला वाटलं, एवढं लबाडीचं पाणी घालून वाढवलेलं झाड आणि फळ हे असं. मिस्टर पॉट्सचा चहा गेला.

"एक मिनिट," ती म्हणाली. आता भाषांतर नव्हतं, तिचंच बोलणं होतं. "तेव्हा तो बग होता. पण तुम्ही दोघं आज इथे हजर आहात. आज ठरवता येईल ना?"

पलीकडे कुजबुज झाली, म्हणजे फोनवर जेवढी कुजबुज करता येते तेवढी.

"ग्रॅहम, तुझं काय मत?"

"ठेवू या म्हणतो. चांगला बसतो तो भिंतीवर."

"मग टर्निप लेनचा निर्णय झाला," क्लाइव घसा खाकरून म्हणाला. "चहा शियो. की काय म्हणता तुम्ही त्याला. दुधासकट."

कुरिहारा-सानांनी हिशेब मांडला. कंपनी अस्तित्वात नव्हती, पण बैठक झाली होती, दोन्ही भागीदार हजर होते, आणि ठराव एकमतानं झाला होता. त्यांनी ओकुबो-सानना सांगितलं, "लिहा. आजच्या तारखेपासून शियो."

फोन ठेवल्यावर ओकुबो-सान बाहेर गेल्या. विभाही उठायला लागली.

"विभा-सान," कुरिहारा-सान शांतपणे म्हणाले, "मला इंग्रजी फारसं कळत नाही. पण 'ग्रीन टी' हे दोन शब्द इथे सगळ्यांना कळतात."

विभा परत खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. अनुरागचं नाव तेवढं वगळलं.

कुरिहारा-सान खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते. रागानं की कशानं, ते तिला पाठीमागून कळेना. वळले तेव्हा चेहरा नेहमीसारखा इस्त्रीचा होता. "न केलेल्या गोष्टीची मी इतक्यांदा माफी मागितली," ते म्हणाले. "तेव्हा यापुढे त्या दोघांचे सगळे फोन तुम्ही घ्यायचे. तक्रार न करता."

विभाला वाटलं, स्वस्तात सुटले.

शरद ऋतूत गेम बाजारात आला आणि बरा चालला. पहिल्या आठवड्यात फोन बिघडल्याच्या पुष्कळ तक्रारी आल्या. ओकुबो-साननी प्रत्येकाला उत्तर पाठवलं, की आपला फोन ठणठणीत आहे, कृपया दूधवाल्याचा चहा होईपर्यंत थांबावं. त्यानंतर तक्रारी कमी झाल्या आणि चाहत्यांची पत्रं वाढली.

क्लाइव आणि ग्रॅहम आता दर शनिवारी बोलत. पण मध्ये कोणीतरी तिसरं लागायचं, त्याशिवाय दोघांना एकमेकांशी बोलायला अवघड व्हायचं. म्हणून इचिकावाच्या घरचा फोन वाजायचा. त्यांना नवीन गेम काढायचा होता, निदान तसं ते म्हणायचे. नायक बेकरीवाला असावा की न्हावी, इथपर्यंत मजल गेली होती.

असाच एका शनिवारी फोन आला. न्हाव्याला मिशी असावी का, यावर जुंपली. विभानं थोडा वेळ हं-हं केलं, मग रिसीव्हर टेबलावर उलटा ठेवला आणि अनुरागला घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात कोथिंबीर आणायला गेली. कोथिंबीर मिळाली, वाटेत ओळखीची दोन माणसं भेटली, गप्पा झाल्या. परत येऊन तिनं रिसीव्हर कानाला लावला.

"विभा, तुमचं काय मत?" ग्रॅहम विचारत होता.

"मला दोघांचंही पटतं," विभा म्हणाली, आणि कोथिंबीर निवडायला बसली.