नांग सालुदचा हात

“चावली?”

“चावली म्हणजे काय, मनगटावर दातांची अख्खी ओळ उमटलीय त्या बिचाऱ्याच्या,” डेल्फा म्हणाली. “आणि तोंडातून शब्द नाही हो! नुसता मनगट धरून पलंगावर बसून राहिला. आपल्याकडचा बाप असता तर अख्खं हॉटेल गोळा केलं असतं.”

जीपनी, भाड्याची ती लांब जीपगाडी, गच्च भरली होती. सालुदच्या मांडीवर पेजेचा डबा होता आणि डब्यावर तिचे दोन्ही हात. शेजारच्या बाईच्या पिशवीतला सुका मासा तिच्या गुडघ्याला टोचत होता, पण सरकायला जागा नव्हती आणि ‘जरा सरका’ म्हणायचंही त्राण नव्हतं. सकाळी पाचपासून ती उभीच होती. बालगृहाच्या वॉर्डात चार पोरं तापाने फणफणली होती.

“खाल्लं काय तीन दिवसांत?”

“बिस्किटं. तीही न्हाणीघरात बसून. तिथून बाहेरच येत नाही. बाई जवळ गेली की किंचाळते.” डेल्फाने आवाज खाली आणला; वयाने मोठ्या सालुदला ती नांग, म्हणजे ताई, म्हणायची. “नांग, काल ती बाई मला म्हणाली, आम्ही हिला पळवून नेतोय असं वाटायला लागलंय. नवरा काही बोलत नाही, पण त्याचंही मन उडत चाललंय. शुक्रवारचं विमान आहे. तोवर जमलं नाही तर ती दोघं दत्तक न घेताच, रिकाम्या हातांनी परत जातील.”

“आणि रोसेल?”

“रोसेल आपल्याकडे परत.”

सालुदला आनंद झाला. एकदम, पोटातून, भूक लागावी तसा. रोसेल परत येणार. खिडकीजवळच्या तिच्या खाटेवर झोपणार, सकाळी सालुदच्या झग्याला धरून सगळ्या वॉर्डभर फिरणार. क्षणभरच. मग त्या आनंदाची तिला अशी काही लाज वाटली, की तिने मान वळवली आणि रस्त्याकडे पाहत बसली.

डेल्फा पुढे बोलतच होती. “पाच पूर्ण होतील हिला आता. एक कान गेलेला. दुसरं घर मिळायचं नाही, नांग. सात वर्षं हे काम करतेय, मला माहीत आहे. मग आपल्याकडे चौदापर्यंत, आणि पुढे कुणाच्या तरी घरी भांडी घासायला.”

सालुदने मान हलवली. दत्तकाचं काम बघणाऱ्या डेल्फाला सात वर्षं झाली होती, पोरं सांभाळणाऱ्या सालुदला एकतीस. गिमारास बेटावरून दोन महिन्यांसाठी म्हणून ती इलोइलोला सिस्टरांच्या या बालगृहात आली, ती राहिलीच. लग्नाचं बघू बघू म्हणत वय निघून गेलं. या एकतीस वर्षांत तिच्या हातांतून पोरं कुठे कुठे गेली; काही बर्फाच्या देशांत, काही वाळवंटाच्या, काही अशा गावांना की ज्यांची नावं तिला उच्चारताही यायची नाहीत. प्रत्येक वेळी तिनेच आपल्या हातांनी पोर नव्या आईच्या कडेवर द्यायचं, आणि हसायचं. सिस्टर एमेरिता म्हणायच्या, तू हसलीस की पोराला कळतं, जागा सुरक्षित आहे. सोमवारी रोसेलला देतानाही ती हसली होती. गाल दुखेपर्यंत हसली होती.

हॉटेलच्या खोलीत पडदे ओढलेले होते. फिनलंडहून आलेली ती बाई, रितवा, खिडकीपाशी उभी होती. सोमवारी तिने फुलाफुलांचा नवा झगा घातला होता, केस नीट बांधले होते. आज तिच्या अंगात नवऱ्याचा सदरा होता आणि डोळे सुजले होते. नवरा, ओलावी, धिप्पाड गडी, मनगटाला रुमाल बांधून खुर्चीच्या कडेवर बसला होता, खुर्ची आपली नसल्यासारखा.

न्हाणीघराच्या उंबऱ्यात रोसेल दिसली. तिने सालुदला पाहिलं मात्र, धावत आली आणि झाडावर चढावं तशी तिच्या अंगावर चढली. गळ्याला मिठी, कमरेला पायांची मिठी. छाती धपापत होती.

“अगं इंदाय, पोरी, माझी कंबर मोडेल ना,” सालुद म्हणाली. “केवढी जड झालीस बिस्किटं खाऊन!”

“घरी चल,” रोसेल तिच्या मानेत म्हणाली. सालुदला ती आईच म्हणायची, नानाय. “नानाय, घरी चल. मी चपला घातल्यात.”

तिने खरंच चपला घातल्या होत्या. डेल्फाने सांगितलं, सोमवारपासून काढल्याच नाहीत; झोपतानाही नाही.

सालुद जमिनीवर बसली, डबा उघडला. पेज अजून कोमट होती. वर आल्याचे तुकडे आणि उकडलेलं अंडं. रोसेलने सगळी पेज खाल्ली, बोटं चाटली, डबाही चाटला. खिडकीपाशी रितवा हे बघत होती. भुकेलेल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तशी ती बघत होती. मग तिने पिशवीतून एक छोटी वही काढली आणि रोसेलच्या मागे वाकून, त्यातले इथल्या भाषेतले शब्द वाचून म्हणाली, “रोसेल. ये. आपण खाऊ. भात चांगला.”

रोसेलने वळूनही पाहिलं नाही.

“बघा,” रितवा डेल्फाला इंग्रजीत म्हणाली आणि डेल्फाने ते सांगितलं, “मी सारखी बोलते, ती सारखी पाठ फिरवते.”

“तिला सांग,” सालुद डेल्फाला म्हणाली, “की ती डाव्या बाजूने बोलतेय. त्या कानाने पोरीला काही ऐकू येत नाही. मागून डावीकडून गेलं की हिला एकदम अंगावर कुणीतरी आल्यासारखं वाटतं, म्हणून किंचाळते. उजवीकडून यायचं. आधी समोर बसायचं, मग बोलायचं.”

डेल्फाने ते सांगितलं तेव्हा रितवाने तोंडावर हात ठेवला. “कागदात लिहिलं होतं, एक कान. कुठला ते नव्हतं,” ती म्हणाली. मग वहीत घाईघाईने लिहून घेतलं. सालुद सांगत गेली, ती लिहीत गेली. भाताचा गोळा करून हातात द्यायचा, चमचा नको. झोपवताना पाठीवर थापटायचं नाही, तळपाय चोळायचे. केसांना पाणी लावताना आधी सांगायचं. मधेच रितवाने विचारलं, “तिला गाणं आवडतं का?” सालुद म्हणाली, “ऐकू येतं तेवढं आवडतं.” त्यावर ओलावी पहिल्यांदा हसला आणि लगेच ओशाळला.

सगळं सांगून झालं. आता पोर द्यायची राहिली.

रितवा उजवीकडून आली, समोर बसली, दोन्ही हात पुढे केले. सगळं सांगितल्याप्रमाणे. रोसेलने सालुदचा झगा मुठीत घट्ट पकडला. सालुदने एक मूठ सोडवली की ती दुसरीने पकडायची. एकदा, दोनदा, पाचदा. सालुद समजावून थकली. ही तुझी आई आहे ना, फोटोतली? त्यांच्याकडे कुत्रा आहे ना, मोठा? रोसेल मान हलवायची, कुत्रा आहे हे तिला मान्य होतं, आणि मूठ सोडायची नाही.

तासभर गेला. वॉर्डात तापाच्या पोरांना औषध द्यायची वेळ होऊन गेली होती. गुडघे भरून आले होते. सालुदला स्वच्छ दिसत होतं, आपण इथे आहोत तोवर ही पोर हलणार नाही. झोपल्यावर चोरून निघून जावं, तर जागी होऊन ती दार उघडायची वाट बघत बसेल. आज, उद्या, तिकडे त्या बर्फातही. जो येईल असं वाटत राहतं, त्या माणसाची वाट बघणं सुटत नाही.

तिने रोसेलला मांडीवरून खाली ठेवलं आणि उठून उभी राहिली.

“पुरे आता,” ती मोठ्याने म्हणाली. “सोड मला.”

रोसेल हसली. तिला वाटलं, खेळ आहे.

“हसतेस काय? मी तुला न्यायला आले नाही. तिथे तुझी खाट आता दुसऱ्याला दिलीय. मला तू नकोस, कळलं? सोळा पोरं आहेत मला.”

डेल्फा पुढे झाली. “नांग...”

“तू थांब.”

रोसेलचं हसू अर्धवट राहिलं. तिने पुन्हा झगा पकडला आणि सगळं वजन टाकून लोंबकळली, नेहमी वॉर्डात करायची तशी. सालुदच्या दुखऱ्या गुडघ्यातून कळ निघाली. तोल जाऊन सालुद पलंगाच्या कोपऱ्यावर आपटली. डोळ्यांसमोर काजवे चमकले. आणि त्या क्षणी एकतीस वर्षांत कधी उठला नव्हता तो हात उठला. एक फटका दंडावर, एक पाठीवर. आवाज खोलीभर झाला.

रोसेलचं तोंड उघडलं, पण त्यातून काही बाहेर पडेना. ती सालुदकडे बघत राहिली, ओळख विसरल्यासारखी.

रितवा कशी आली ते कुणाला कळलं नाही. डावीकडून आली की उजवीकडून, तेही नाही. तिने पोरीला उचलून छातीशी धरलं, सालुदकडे पाठ केली आणि आपल्या भाषेत ओरडून काहीतरी बोलली. भाषा कळली नाही तरी अर्थ कळण्यासारखा होता. आता रोसेलला रडू फुटलं. तिने एकदा रितवाच्या खांद्यावर मूठ आपटली, दुसऱ्यांदा आपटली, मग तीच मूठ सदऱ्यात रुतवली आणि तोंड त्या परक्या मानेत खुपसलं. ओलावीने येऊन दोघींभोवती आपले लांब हात घातले. पोर किंचाळली नाही.

सालुदने डबा आवरला. झाकण लागेना. तसाच पिशवीत टाकून ती बाहेर पडली.

परतीच्या जीपनीत दोन जागा मोकळ्या मिळाल्या. अर्ध्या वाटेवर डेल्फा तिच्याकडे वळली.

“तुम्ही मुद्दाम केलंत ना, नांग?”

सालुदने पिशवीतला डबा काढून त्याचं झाकण दाबून लावलं.

“बोलले ते मुद्दाम,” ती म्हणाली. “मारलं ते मुद्दाम नव्हतं. मला खरंच राग आला होता, डेल्फा. फार राग आला होता.”

“कुणाचा? रोसेलचा?”

“तेच बघतेय.”

शुक्रवारी विमान गेलं. डेल्फा विमानतळावर जाऊन आली. पोर रडली नाही, म्हणाली. रितवाच्या कडेवर होती, आणि चपला ओलावीच्या खिशात. शनिवारी सिस्टर एमेरितांनी सालुदला बोलावलं. टेबलावर रितवाचं, निघण्याआधी हॉटेलवर ठेवलेलं पत्र होतं. पत्र रागाचं नव्हतं, हेच वाईट होतं. तिने लिहिलं होतं, तुमच्या बालगृहाचे आम्ही जन्मभर ऋणी आहोत. पण मुलगी माणसांना इतकी का घाबरते ते आम्हाला बुधवारी आमच्या डोळ्यांनी दिसलं. इतर मुलांसाठी तुम्ही त्या बाईंकडे लक्ष द्यावं, एवढीच विनंती.

सिस्टर सत्तरीच्या होत्या. सालुदला त्यांनी बाविसाव्या वर्षापासून पाहिलं होतं. त्यांनी चष्मा काढला.

“डेल्फा मला वेगळंच सांगतेय. तू सांग. म्हणजे मी त्यांना तसं कळवीन. गैरसमज झाला म्हणून.”

सालुद उभीच होती. असं पत्र गेलं तर काय होईल, ते ती पाहत होती. ती बाई वाचेल, तिला वाईट वाटेल. मग कधीतरी पोर मोठी झाल्यावर तिला सांगेल, तिने तुझ्यासाठी केलं गं. आणि पोर पुन्हा मागे वळून पाहायला लागेल.

“मारलं, सिस्टर.”

“का?”

“दमले होते.”

“सालुद, इथे कोण दमलेलं नाही? नीट सांग.”

“एवढंच आहे.”

सिस्टरांनी पत्राची घडी केली. “नियम मीच केलाय,” त्या शेवटी म्हणाल्या. “पोराला मारलं तर त्या बाईला वॉर्ड बंद. तो तुझ्यासाठी मोडला तर उद्या कुणाला काय सांगू?”

“मोडू नका.”

“सहा महिने कपड्यांच्या खोलीत. मग बघू.” मग खालच्या आवाजात, “बसून करता येईल ते काम. गुडघ्यांना बरं पडेल.”

“हो, सिस्टर.”

कपड्यांची खोली तळमजल्यावर होती, वॉर्डाच्या बरोबर खाली. सोमवारी सालुद तिथे कामाला लागली. चादरी, लंगोट, उशांचे अभ्रे. वर तिच्या जागी नवी मुलगी आली होती, चुणचुणीत, कॉलेज शिकलेली.

गुरुवारी दुपारी सालुद धुतलेल्या चादरींची टोपली वर न्यायला निघाली. टोपली जिन्याच्या तोंडाशी ठेवायची, वरची मुलगी येऊन घेऊन जाते, असं ठरलं होतं. तिने टोपली पहिल्या पायरीवर ठेवली आणि वरून रडणं ऐकू आलं. बेनिग्नो, चार महिन्यांचा. भुकेचं नव्हे, दुखण्याचंही नव्हे. त्याला फक्त कुशीवर वळवून हवं होतं. स्वतःहून वळायला तो अजून शिकला नव्हता.

सालुदने कठड्यावर हात ठेवला. वर नव्या मुलीचा आवाज येत होता, ती त्याला खेळणं दाखवत होती, मग बाटली देत होती, मग गाणं म्हणत होती. रडणं वाढत गेलं. बारा पायऱ्या होत्या.

ती खालीच उभी राहिली. खूप वेळाने एकदाचं रडणं थांबलं. त्याला वळवायचं मुलीला आपोआप सुचलं, की पोरच रडून दमलं, ते खालून समजायला मार्ग नव्हता. सालुदने आणखी थोडी वाट पाहिली. मग चादरींची वरची घडी विस्कटली होती ती नीट केली, आणि पुढचे कपडे भिजत घालायला आत गेली.