मनगटावरची बोटं

आमच्या प्रयोगशाळेतला कॅमेरा कातडीला हात न लावता आतलं रक्त वाचतो. प्रकाश टाकायचा आणि परत आलेला मोजायचा. रक्तात प्राणवायू भरपूर असेल तिथं पडद्यावर लाल दिसतं, कमी असेल तिथं निळं. वयस्कर माणसांचे हात तपासायचे होते, म्हणून मी आत्याला दुपारी बोलावून घेतलं. तिचा डावा हात तीन वर्षं सारखा गार पडायचा. डॉक्टर थकले, निदान काही होईना.

"दुखणार नाही ना गं?"

"अगं, शिवणारसुद्धा नाही. तुझ्या सुनेसारखा लांबूनच बघतो."

हसत हसत तिनं बाही वर सारली आणि हात काळ्या कापडावर ठेवला. पडद्यावर हात लाल उमटला. मनगटावर मात्र चार निळे पट्टे होते. हात उलटा केला, तर पाचवा, आखूड आणि जाड.

"कुणी हात धरला होता का?"

"नाही बाई."

दाबल्याची खूण काही क्षणांत भरून येते. मी दहा मिनिटं थांबले. पट्टे जागच्या जागी. भिंग पुसलं, माझा हात ठेवून पाहिला, तो स्वच्छ लाल. पुन्हा तिचा ठेवला. पट्टे किंचित सरकले, कुणी पकड सावरून घ्यावी तसे.

मी कॅमेऱ्याची वायर तपासायला वाकले. आत्या मात्र पडद्याकडे टक लावून होती.

"करंगळी वाकडी आहे बघ. यांची दारात चेमटली होती." मग हळूच म्हणाली, "जाताना असाच धरला होता. नर्सनं बोटं सोडवली."

मी तिचं मनगट दोन्ही हातांत घट्ट धरलं, चोळलं. हात काढले तेव्हा पडद्यावर अंगठा नव्हता. मग एकेक बोट विरत गेलं. वाकडी करंगळी सगळ्यात शेवटी. हात लालभडक झाला.

"आत्या, ऊब आली बघ!"

तिनं हात हिसडला. "तुला कुणी सांगितलं होतं मधे पडायला?"

त्यानंतर आठ दिवस ती रोज आली, कॅमेऱ्याखाली हात ठेवून तासन्‌तास बसली. नवव्या दिवशी आली नाही. बाबा सांगत होते, हल्ली ती ऐन थंडीतही खिडकी उघडी टाकून, डावा हात पांघरुणाबाहेर ठेवून झोपते.