दहावी बंडी

मित्रांनो, माझे काळवंडलेले बूड पाहून नाक मुरडू नका. मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. वेल्समधल्या ट्रेगारेग नावाच्या, पाटीच्या दगडाच्या खाणी असलेल्या गावात, फुटबॉल क्लबच्या धुण्याच्या खोलीत माझे आयुष्य गेले.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. तांबटाचे घाव मी पुष्कळ सोसले, पण देवपण काही आले नाही. आले ते चिखलाने बरबटलेले सदरे आणि मोजे. मी कुरकुर केली नाही. शनिवारी सामना, सोमवारी धुणे, अशी वर्षे गेली. नेस्टाबाई प्रिचर्ड माझी मालकीण. "हा हंडा आहे म्हणून पोरं माणसासारखी दिसतात," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि मी सुखावायचो.

मग क्लबने विजेवर चालणारे धुण्याचे मशीन घेतले. मला मागच्या अंगणात ठेवून माझ्यात बटाटे भरले. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटले.

त्याच वर्षी आमचा क्लब वेल्सचा करंडक जिंकला आणि त्या जोरावर युरोपातल्या करंडक विजेत्यांच्या स्पर्धेत उतरला. एक सामना त्यांच्या गावी, एक आपल्या गावी. दोन्हींचे गोल मिळवून जो मागे पडेल तो घरी. पोर्तुगालात आम्ही दोन गोलांनी हरलो होतो. आता तो बलाढ्य संघ ट्रेगारेगला आला होता. गावाने दुपारची खाण बंद ठेवली होती.

सकाळी बेल्जियमचे पंच मैदान पाहायला आले. त्यांनी दोन्ही संघांचे सदरे मागवले. दोन्ही लाल! आमच्याकडची रीत अशी, की पाहुण्यांनी रंग बदलायचा. त्यामुळे आमचे चिटणीस इद्वाल निर्धास्त होते. पण या स्पर्धेचा नियम उलटा निघाला. बदलायचे ते यजमानांनी, आणि आमच्याकडे लाल सोडून दुसरा सदराच नव्हता.

"दुसरा रंग नसेल तर सामना पाहुण्यांना बहाल," असे सांगून पंच चहा प्यायला गेले.

इद्वाल मटकन बाकावर बसले. "संपलं, नेस्टा. न खेळताच हरलो. गाव मला खाणीत ढकलून देईल."

"ढकलेल तेव्हा ढकलेल. आधी उठा! मला दहा पांढऱ्या लोकरी बंड्या हव्यात. गोलरक्षकाचा सदरा वेगळाच असतो, त्याचं सोडा."

"बंड्या? कुणाच्या?"

"खाणीतल्या माणसांच्या. अंगावरच्या काढून आणा. लाजायचं काय त्यात, मी काय कधी बंडी धुतली नाही?"

"आणि रंग? सुतकात कपडे रंगवायचा काळा असेल ना तुझ्याकडे?"

"काळा पंचाचा असतो, इद्वाल! डोक्यात बटाटे भरलेत का? शाळेच्या गणवेशाचा निळा आणा दुकानातून."

"बरं. मशीन लावू?"

"त्यात चारच मावतात, आणि आत रंग चिकटला तर सोमवारी आपले लाल सदरे जांभळे होऊन निघतील. माझा हंडा आणा."

मित्रांनो, बटाटे ओतले गेले आणि मी पुन्हा चुलीवर चढलो. माझा बुडाजवळचा सांधा जुना होता. आच लागताच तो ताणला जाऊ लागला. एक थेंब निखाऱ्यावर पडून चुर्र झाला. मी गळलो तर रंग गेला, आणि रंग गेला तर सामना गेला. मी मनाशी ठरवले, फुटायचे तर उद्या फुटू, आज नाही.

बंड्या आल्या त्या नऊच. बाकीच्यांच्या करड्या तरी होत्या, नाहीतर फाटक्या. नेस्टाने नऊ बंड्या रंगात सोडल्या. मग घरी गेली आणि एक बंडी घेऊन आली. बंडीला डांबरगोळ्यांचा वास येत होता. ती तिच्या नवऱ्याची, ह्यूची होती. खाणीच्या धुळीने छाती भरून तो गेल्या हिवाळ्यात वारला होता.

"जा रे बाबा आत," असे म्हणून तिने ती काठीने रंगात बुडवली. इद्वालनी तोंड फिरवले.

ह्यूची बंडी आघाडीवर खेळणाऱ्या एम्रिसच्या वाट्याला आली.

"ओली आहे गं, नेस्टामावशी!"

"पळ म्हणजे वाळेल!"

आणि मित्रांनो, ती माणसे पळाली. आमच्या खोलीचे दार मैदानावर उघडते, म्हणून मी सगळे पाहिले. एम्रिसने तर समोरचा रिकामा गोल चुकवला. पण उत्तरार्धात आमचा एक गोल झालाच. दुसरा मात्र झाला नाही. सामना जिंकलो, स्पर्धेतून बाहेर पडलो. तरी गाव टाळ्या वाजवत राहिले.

खेळ संपल्यावर सदरे बदलण्याची चाल आहे. पाहुण्यांच्या कप्तानाने आपला तलम लाल सदरा काढून एम्रिसपुढे धरला आणि त्याच्या बंडीकडे बोट दाखवले. एम्रिस दारापाशी धावत आला.

"मावशी, हा ह्यूकाकाची बंडी मागतोय. नको म्हणू ना?"

नेस्टाने उगीच हातांनी गाल पुसले.

"आमच्या माणसानं कधी समुद्र ओलांडला नाही," ती म्हणाली. "दे त्याला. पण सांग, कोमट पाण्यात धू, पिळू नको, आणि सावलीत वाळव."

एम्रिसला त्यांची भाषा येत नव्हती. त्याने हातांनी धुण्याच्या, वाळवण्याच्या खुणा केल्या. कप्तानाने मान डोलावली आणि बंडीची नीट घडी घातली.

दुसऱ्या दिवशी माझा सांधा उकलला. आता माझ्यात पाणी राहत नाही, पण त्याचे मला दुःख नाही. तुम्हाला एवढेच सांगतो. घरातली जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी, ज्याने ती वापरली त्याला एकदा विचारा. आणि द्यायचीच झाली, तर कशी जपायची तेही सांगून द्या.