अमरसिंहांची तीन मिनिटं

शहाण्णव साली माजलगावकडच्या एका नव्या कॉलेजात चर्चासत्र होतं. मी तेव्हा अंबाजोगाईला इतिहास शिकवत होते. दुपारच्या सत्राचं अध्यक्षपद माझ्याकडे होतं. टेबलावर शिपायाला बोलवायची पितळी घंटी, शेजारी माझं काढून ठेवलेलं घड्याळ. प्रत्येकाला दहा मिनिटं. आठव्याला एक टोला, दहाव्याला दोन. हा नियम संस्थेनेच पत्रिकेवर छापला होता.

कावेरी माझी जुनी विद्यार्थिनी. त्या कॉलेजात ती तासिकेवर शिकवायची. पुढच्या आठवड्यात कायम जागेची मुलाखत होती आणि त्यासाठी निबंध वाचल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. त्याच जागेसाठी संस्थेचे अध्यक्ष मोहनराव यांचे चिरंजीव अमरसिंहही उमेदवार होते. आठवडी बाजारातल्या जुन्या मापांवरचा कावेरीचा निबंध मी स्वतः लाल शाईने तपासला होता.

जेवताना ती म्हणाली, "बाई, टाइप करायला हापिसात दिलेले कागद अजून मिळाले न्हाईत. म्हणतात, संगणक बिघडलाय."

"मिळतील गं," मी म्हणाले आणि पानातला भात कालवत राहिले.

सत्रात पहिलं नाव पुकारलं, अमरसिंह मोहनराव. टाळ्या झाल्या. त्यांनी करकरीत छापील कागद उलगडला आणि वाचलं, "पायली हे नुसतं माप नाही, तो दिलेला शब्द असतो."

या वाक्यासमोर मी लाल शाईने 'छान' लिहिलं होतं.

कावेरी तिसऱ्या ओळीत होती. मांडीवर रिकामी फाइल. तिचे ओठ त्यांच्या प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते. मी काय म्हणणार होते? हाताने लिहिलेली प्रतही हापिसातच. आठ मिनिटं होईपर्यंत घंटी वाजवायचा अधिकार मला नव्हता.

सातव्या मिनिटाला अमरसिंह त्याच सुरात वाचत गेले, "युसूफ वडगावच्या आमच्या दुकानात माझे वडील मन्मथप्पा अधोली भरली की वर एक मूठ धान्य टाकत. माझी आजी बसम्मा..."

तिथं ते थांबले. बहुधा तेव्हाच त्यांना कळलं.

मागून कोणीतरी कुजबुजलं, "पोरानं बापच बदलला की बे!"

पहिल्या ओळीतले मोहनराव उठले. "आरं, तुझा बाप हितं बसलाय! मन्मथप्पा कोन?"

अमरसिंहांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. प्राचार्यांनी चिठ्ठी सरकवली: 'मॅडम, बेल द्या.'

"बाई, वाजवा की ती घंटी," मोहनरावही म्हणाले.

"साहेब, त्यांची तीन मिनिटं शिल्लक आहेत," मी म्हणाले. मग अमरसिंहांकडे वळले. "वाचा सर. सावकाश वाचा."

त्यांना पुढचं वाक्य वाचता येईना. तीन मिनिटं किती मोठी असतात, हे मला त्या दिवशी कळलं. आठव्या मिनिटाला मी एक टोला दिला. दहाव्याला दोन. मग ते खाली उतरले.

पत्रिकेवर नुसतं 'कु. कावेरी शेटे' छापलं होतं. पण आपल्याकडे सभेत पूर्ण नाव घ्यायची रीत आहे. मी उभी राहिले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "यापुढचा निबंध, कावेरी मन्मथप्पा शेटे."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मोहनराव आता निघून जातील असं मला वाटलं. ते मटकन खुर्चीत बसले.

ती जागा कावेरीला मिळाली नाही. पुढे ती लातूरला लागली. पण त्या दुपारी ती फाइल खुर्चीवर ठेवून रिकाम्या हातांनी वर आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, वेळ लावा." मी घड्याळ पुढे ओढलं.

मग ती सभेकडे वळली. "निबंध निम्मा वाचून झालाय. सरांनी आजीपाशी सोडला. मी तिथनं पुढं सांगते."