सतरावी पायरी

"मामा, सही करा की. चूक त्या नर्सचीच आहे," डापा म्हणाला आणि त्यानं अहवाल येबोआपुढे सरकवला.

डापा वयानं लहान, पण साहेब. येबोआ घानातल्या कुमासी शहरातल्या या कंपनीत बावीस वर्षं एकच काम करत आला होता. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायच्या तीस पायऱ्या ठरलेल्या. मोठ्या कामाला सगळ्या. किरकोळ कामाला कोणत्या गाळायच्या, ते तो ठरवायचा. पोरं त्याला चेष्टेनं शिंपी म्हणत. आपल्या कात्रीचा त्याला, खरं सांगायचं तर, गर्वच होता.

फेब्रुवारीत एक काम आलं. लसीकरणाच्या यादीत दोनदा आलेली नावं एकत्र करायची. काम जेमतेम दोन दिवसांचं, म्हणून त्यानं सतरावी पायरी गाळली: दवाखान्यात नर्सशेजारी एक दिवस बसून पाहणं.

नाव, आई आणि जन्मतारीख जुळली की दोन नोंदींची एक होऊ लागली. जुळ्यांना इथे घरोघर अटाच म्हणतात. थोरला अटा पानिन, धाकटा अटा काकरा. नर्स सेरवाच्या यादीत एका घरातले जुळे भाऊ दोघंही नुसते अटा. थोरल्याला गोवराची लस मिळाली. धाकट्याला त्या दिवशी ताप होता, म्हणून आईनं त्याला पुढच्या आठवड्यात आणलं, तर पडद्यावर लस दिल्याची नोंद. सेरवानं तिला परत पाठवलं. मग गावात गोवर आला आणि अकरा महिन्यांचं ते पोर गेलं.

"तिनं पूर्ण नाव लिहायला नको होतं?" डापानं विचारलं.

"तिकडं कोण लिहितं? तिच्याशेजारी बसलो असतो तर तासाभरात कळलं असतं."

"दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचंय तुम्हाला. कशाला अंगावर ओढून घेताय? तिला मिळेल दुसरीकडे नोकरी."

"जिच्या हातून लेकरू गेलं, त्या नर्सला कोण ठेवतं, डापा?"

येबोआनं सेरवाचं नाव खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'सतरावी पायरी मी गाळली.' ऑफिसात सगळे त्याला आडनावानंच हाक मारत. पहिलं नाव कुणी कधी विचारलं नव्हतं. त्याचा थोरला भाऊ चालायला लागण्याआधीच गेला होता. आई मात्र शेवटपर्यंत वाढदिवसाला येबोआच्या ताटात दोन अंडी ठेवायची.

त्यानं खाली पूर्ण नावानं सही केली. अटा काकरा येबोआ.

डापानं ती वाचली. "मामा, तुम्हीसुद्धा?"

"हो. हे कळायला मला तर दवाखान्यात जायचीही गरज नव्हती."

त्यानं पेनाला टोपण लावलं आणि अहवाल डापापुढे सरकवला.